मोतीबिंदूनंतरचे थेंब: सहा आठवड्यांचा तक्ता

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. पुढचे सहा आठवडे थेंबांचे असतात, आणि ते घरच्यांना सांभाळावे लागतात. बाबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळी चर्चा लेन्सची झाली: कुठली बसवायची, चष्मा जाईल का, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील का. थेंबांबद्दल मिळाला एक छापील कागद. त्यावर बाटल्यांची नावं आणि पुढे चौकटींत आकडे. बाबांना आधीपासून काचबिंदू आहे, त्यामुळे त्या कागदाला आणखी एक कागद जोडला गेला. तो सगळा तक्ता आता पार पडला आहे. वाटेत जे कळलं, डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला विचारून जे पक्कं करून घेतलं, ते ओळीने लिहिते. यातले डोस आमच्या कागदावरचे आहेत. तुमचे वेगळे असणार, आणि तुम्ही तुमचेच पाळायचे.

ऑपरेशनच्या आधी

पूर्वतपासणीला जाताना डोळ्यांचे थेंब आठवणीने नेले जातात, रोजच्या गोळ्या घरी राहतात. खरं तर त्या गोळ्यांची यादी आधी द्यायला हवी. वयस्कर पुरुषांच्या यादीत बऱ्याचदा प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन असते. मूत्रमार्गाचे स्नायू सैल करणारी ही गोळी डोळ्यातल्या आयरिसचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाचा, स्नायूही सैल करते. मग ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते आणि आयरिसची कड लहरत छेदाकडे येते. हा प्रकार २००५ साली पहिल्यांदा नीट नोंदवला गेला. गोळी आदल्या आठवड्यात बंद करून फायदा नाही, परिणाम बराच काळ राहतो. सर्जनला आधी कळलं तर ते त्याची तयारी ठेवतात, एवढंच हवं असतं. कधीकाळी घेतली आणि सोडली असेल तरी सांगा.

यादीत आणखी चार गोष्टी लिहिल्या: दमा आहे का, नाडी मंद आहे का, सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि पूर्वी कधी स्टिरॉइडचे थेंब घेतल्यावर डोळ्याचा दाब वाढला होता का. पहिल्या तिन्ही प्रश्नांचा संबंध काचबिंदूच्या थेंबांशी. टिमोलॉल दम्याच्या माणसाला देत नाहीत, हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यालाही नाही. डॉर्झोलामाइड सल्फाच्या कुळातलं आहे. चौथा प्रश्न पुढे तिसऱ्या आठवड्यात किती महत्त्वाचा ठरतो ते येईलच.

तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब घातले. साधारण ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असतात. परिणाम यायला वीस ते तीस मिनिटं, उतरायला चार ते सहा तास. तेवढ्या वेळात जवळचं धूसर, उजेड असह्य. गाडी चालवायची नाही, आणि ज्या कागदांवर सही करायची ते थेंबांच्या आधी वाचून घ्यायचे. फिनाइलएफ्रिन रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून हृदयविकार असलेल्यांना त्याची १० टक्क्यांची ताकद टाळतात, २.५ टक्क्यांवर भागवतात. ज्यांच्या डोळ्यातला पाण्याचा निचरा होणारा कोन अरुंद असतो, त्यांची बाहुली मोठी झाली की तो कोन बंद पडू शकतो. घरी आल्यावर डोळा जोरात दुखायला लागला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, मळमळ-उलटी झाली तर ती पित्ताची उलटी समजून झोपायचं नाही, त्याच वेळी डॉक्टर गाठायचा. तासांवर नजर ठरते.

त्याच खुर्चीत डोळा बधिर करणारा थेंबही घालतात. तो पडला की खुपणं, चुरचुरणं क्षणात थांबतं, आणि कोणाच्याही मनात येतं की हीच बाटली घरी मिळाली तर बरं. ती देत नाहीत आणि मागूही नये. बधिर करणारं औषध कॉर्नियाचं, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचं, भरून येणं थांबवतं. वारंवार वापरलं तर कॉर्नियाला जखम होते, कॉर्निया वितळत जातो, आणि दुखत नसल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही.

बाटल्या घरी आल्यावर

पिशवीत निघालं ते असं: मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, हे अँटिबायोटिक, दिवसातून चार वेळा. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का, हे स्टिरॉइड, दिवसातून सहा वेळा आणि मग उतरत्या क्रमाने. नेपाफेनॅक ०.१ टक्का, सूज उतरवणारं पण स्टिरॉइड नसलेलं, तीन वेळा. कृत्रिम अश्रू चार वेळा. आणि काचबिंदूचे टिमोलॉल-डॉर्झोलामाइड सकाळ-संध्याकाळ, जे चालूच ठेवायचे होते. काचबिंदूचाच रात्रीचा थेंब लॅटॅनोप्रॉस्ट मात्र डॉक्टरांनी काही आठवडे थांबवला, कारण ऑपरेशननंतर डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज येण्याशी त्याचा संबंध असू शकतो असं काही जण मानतात. काही डॉक्टर तो चालू ठेवतात. हे आपल्या मनाने ठरवायचं नाही, पण विचारायचं जरूर. ऑपरेशनचा कागद आणि काचबिंदूचा कागद वेगवेगळ्या दिवशी लिहिलेले असतात आणि एकमेकांना पाहत नाहीत.

सगळ्या बाटल्या पांढऱ्या, ५ मिलिलिटरच्या, अक्षरं मुंगीएवढी. काही देशांत झाकणांच्या रंगांचा संकेत आहे: स्टिरॉइडला गुलाबी, बाहुली मोठी करणाऱ्याला लाल, टिमोलॉलच्या गटाला पिवळा किंवा निळा. पण सगळे उत्पादक तो पाळत नाहीत, शिवाय झाकणं एकमेकांवर बसतात. दोन बाटल्या एकदम उघडल्या की अदलाबदल झालीच म्हणून समजा. आम्ही रुंद चिकटपट्टी लावून मोठ्या अक्षरांत १, २, ३ लिहिलं आणि तेच आकडे तक्त्यात. बाबांना नावं पाठ करायला लावण्यापेक्षा हे बरं चाललं. पट्टी लावताना मूळ नाव, ताकद, बॅच क्रमांक आणि मुदत झाकली जाणार नाही एवढं पाहायचं.

बाटलीचं ब्रँडनाव वाचून थांबू नका, खाली बारीक अक्षरांत काय आहे ते वाचा. एकाच अँटिबायोटिकची साधी बाटली आणि स्टिरॉइड मिसळलेली बाटली यांच्या नावात कित्येकदा शेवटच्या एका अक्षराचाच फरक असतो. घरी अशी जुनी बाटली असते, ती 'साधी अँटिबायोटिक' म्हणून पुढे वापरली जाते, आणि आत डेक्सामेथासोन असतं. दुसरा घोळ दुहेरी डोसाचा: आधीच्या डॉक्टरांनी एका नावाने दिलेलं आणि नव्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलेलं औषध एकच निघतं.

कानाचे थेंब, नखाचा गोंद, झटपट चिकटणारा डिंक यांच्या बाटल्याही अशाच दिसतात. डोळ्यात गोंद गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. डोळ्यांची औषधं एका वेगळ्या डब्यात ठेवायची, त्यात दुसरं काहीही नाही, हा नियम पहिल्या दिवशीच घातला.

ऑपरेशनचा दिवस आणि पहिली रात्र

ऑपरेशनपूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन ५ टक्के घालतात. संसर्ग रोखायला सर्वांत भरवशाचं पाऊल तेच. बरेच सर्जन शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिकही सोडतात. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००७ साली आले, या पद्धतीने आतल्या संसर्गाचं प्रमाण सुमारे पाच पटींनी घटलं. घरी घालायचे अँटिबायोटिकचे थेंब त्यानंतरची पायरी. हे लक्षात असलं की एखादा थेंब उशिरा पडला म्हणून जीव टांगणीला लागत नाही.

पट्टी कधी काढायची आणि पहिला थेंब कधी, हे निघतानाच विचारून कागदावर लिहून घ्या. काही ठिकाणी त्याच संध्याकाळी सुरू करतात, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी तपासणीनंतर. त्या रात्री झोप लागते ती रुग्णाला. घरचे दर तासाला उठून पट्टी बघत असतात.

थेंब जातो कुठे

हे समजलं तर बाकीचे सगळे नियम आपोआप समजतात, म्हणून इथे थोडी थांबते.

बाटलीतून पडणारा एक थेंब ०.०३ ते ०.०५ मिलिलिटरचा असतो. खालच्या पापणीच्या आतल्या खोबणीत जेमतेम ०.०३ मिलिलिटर मावतं, तेही थोडा वेळ. म्हणजे एका थेंबातलंही काही बाहेरच जातं. दोन-तीन थेंब एकदम घातले तर वरचे गालावर ओघळतात नाहीतर नाकात जातात. जास्त थेंब म्हणजे जास्त औषध, हे इथे लागू नाही.

नाकात कसं जातं? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, दोन बारीक भोकं असतात. अश्रूंचा निचरा तिथून नाकात आणि मग घशात होतो. म्हणूनच थेंब घातल्यावर मिनिटाभरात जिभेला कडवट चव येते. डॉर्झोलामाइडच्या बाबतीत तर हमखास. नाकाच्या अस्तरातून औषध सरळ रक्तात शिरतं. गोळी पोटातून आधी यकृतात जाते, तिथे तिचा काही भाग मोडला जातो. थेंबाच्या वाट्याला तो टप्पा येतच नाही. ०.५ टक्के टिमोलॉलच्या एका थेंबात साधारण पाव मिलिग्रॅम औषध असतं. आकडा किरकोळ दिसतो, पण दम्याच्या माणसाची श्वासनलिका आकसायला आणि मंद नाडी आणखी मंद करायला तेवढं पुरतं. रक्तदाबासाठी टिमोलॉलच्याच गटातली बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर दोन्हींची बेरीज होते. बाबांची नाडी आम्ही आठवड्यातून दोनदा मोजत होतो. पन्नासच्या खाली गेली, चक्कर आली किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर कळवा, असं सांगितलं होतं. चक्कर येण्याचं कारण डोळ्याच्या बाटलीत असू शकतं, हे हृदयाच्या डॉक्टरांना आपणहून सांगावं लागतं. थेंबांना लोक औषधांत धरतच नाहीत.

उपाय साधा आहे. थेंब पडल्यावर डोळा हलकेच मिटायचा आणि आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडालगत, बोटाने हळू दाब देऊन दोन-तीन मिनिटं धरायचा. भोकं बंद राहतात, औषध डोळ्यात टिकतं, शरीरात कमी जातं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर मात्र पहिले काही दिवस दाब नको असतो. बोट बुबुळाकडे न सरकता फक्त नाकाच्या हाडावर राहिलं पाहिजे. ते जमत नसेल तर नुसता डोळा मिटून ठेवायचा, त्यानेही बराच फरक पडतो. घट्ट आवळायचा नाही, उघडझाप करायची नाही. उघडझाप झाली की औषध पंपासारखं नाकाकडे ढकललं जातं.

घालायची रीत

हात साबणाने धुवून, कोरडे करून. रुग्ण आडवा, किंवा मान मागे टेकून बसलेला. खालची पापणी एका बोटाने गालाकडे हलकी ओढली की खोबण तयार होते. थेंब त्यात सोडायचा, बुबुळावर नाही. बुबुळावर पडला की दचकून डोळा मिटतो आणि थेंब वाया जातो. बाटलीचं टोक एक-दोन सेंटिमीटर वर. पापणी, केस, बोट, काहीही त्याला लागता कामा नये. एकदा लागलं की तिथले जंतू बाटलीत ओढले जातात, कारण दाब सोडल्यावर बाटली हवा आणि जे काही टोकाला असेल ते आत घेते. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताचं मनगट रुग्णाच्या कपाळावर टेकवायचं.

डोळा उघडा ठेवणं ज्यांना जमतच नाही त्यांच्यासाठी: पूर्ण आडवं झोपून डोळे मिटायचे, आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग डोळा उघडायला सांगायचं. थेंब आपणच आत उतरतो. लहान मुलांसाठीही हीच रीत. त्याआधी पापण्यांवरची खपली उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या निर्जंतुक कापसाने आतून बाहेर पुसायची. एक बोळा एकदाच.

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट आणि नेपाफेनॅक ही औषधं पाण्यात विरघळलेली नसतात, कण तरंगत असतात. न हलवता घातलं तर सुरुवातीला जवळजवळ पाणी आणि बाटली संपत आल्यावर दाट औषध, असा प्रकार होतो. प्रत्येक वेळी चांगलं हलवायचं, दहा-पंधरा वेळा. मॉक्सिफ्लॉक्सासिन किंवा टिमोलॉल हलवायची गरज नाही, हलवलं म्हणून बिघडतही नाही.

दोन औषधांमध्ये पाच मिनिटं. त्याआधी दुसरं घातलं तर पहिलं धुऊन जातं. क्रम असा ठेवला: आधी पाण्यासारखी, मग हलवून घालायची, मग जेल, आणि मलम असेल तर सर्वांत शेवटी, दहा मिनिटांनी. मलमाच्या तेलकट थरावर थेंब टिकत नाही. या हिशोबाने सकाळी सातची फेरी अर्धा तास खात होती. मग कृत्रिम अश्रू मधल्या तासांत सरकवले आणि सात, दहा, एक, चार, सात, दहा या स्टिरॉइडच्या वेळांना बाकीचं जोडलं. मोबाइलचा गजर होताच, तरी भिंतीवरच्या कागदावर खूण करणंच कामी आलं. गजर बंद केला की थेंब घातल्यासारखं वाटतं.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घालायचं, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यायचं. दोन थेंब एकदम घालून भरपाई होत नाही, कारण वर सांगितलंच.

पहिला आठवडा

पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, वाळू खुपल्यासारखं वाटणं, पाणी येणं चालतं. दिवसागणिक कमी होत जायला हवं. भीती असते ती डोळ्याच्या आतल्या संसर्गाची. तो होतो क्वचित, पण बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच तोंड वर काढतो. खूण सोपी: कालपर्यंत जे सुधारत होतं ते आज उलटं जाणं. दुखणं वाढणं, नजर अंधुक होणं, लाली वाढणं, पापणी सुजणं. अशा वेळी अँटिबायोटिकचे थेंब वाढवून सकाळची वाट बघायची नाही. दवाखान्याचा रात्रीचा नंबर तक्त्याच्याच कागदावर लिहून ठेवा. बाबांच्या डोळ्याची लाली एका संध्याकाळी जास्त वाटली तेव्हा फोनवर विचारलेला पहिला प्रश्न होता, 'काल जेवढं दिसत होतं तेवढंच दिसतंय ना?' दुसरा डोळा झाकून भिंतीवरचं तेच घड्याळ रोज त्याच जागेवरून बघायची सवय लावली होती, म्हणून उत्तर लगेच देता आलं.

अँटिबायोटिक ठरलेल्या दिवशी थांबवायचं. ते एकेक थेंब कमी करत न्यायचं नसतं. कमी डोसात रेंगाळलं की जंतूंना सवय होते. उतरता क्रम फक्त स्टिरॉइडचा. दोन्ही एकाच बाटलीत असतील तर अँटिबायोटिकही उतरत्या क्रमात ओढलं जातं, म्हणून काही डॉक्टर वेगळ्या बाटल्या पसंत करतात. बाटल्या वाढतात, खर्चही थोडा वाढतो, पण हिशोब स्वच्छ राहतो.

तिसरा आठवडा आणि डोळ्याचा दाब

आमच्या कागदावर स्टिरॉइड पहिल्या आठवड्यात सहा वेळा, मग दर आठवड्याला एकेक कमी होतं. अचानक थांबवलं तर दबलेली सूज उसळी घेते. डोळा पुन्हा लाल, उजेड सहन होत नाही. 'आता छान दिसतंय, कशाला उगाच औषध' हे वाक्य दुसऱ्या आठवड्यात येतंच. छान दिसतंय ते त्या थेंबांमुळेच.

पण हेच औषध जास्त दिवस गेलं तर डोळ्याचा दाब वाढवतं. साधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत तो काही अंकांनी चढतो, आणि शंभरातल्या पाचेक जणांत १५ अंकांहून जास्त. काचबिंदू असलेले, किंवा ज्यांच्या आई-वडील-भावंडांना तो आहे असे लोक यात जास्त. चढायला बहुधा दोन ते सहा आठवडे लागतात. याची जाणीव होत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, नजर स्वच्छ असते. दाब यंत्रावरच कळतो. त्यामुळे 'बरं वाटतंय' म्हणून मधली तपासणी टाळणं हे या सहा आठवड्यांतलं सर्वांत महाग पडू शकणारं काम.

बाबांचा दाब ऑपरेशनआधी १६ होता, तिसऱ्या आठवड्यात २६ निघाला. त्यांना काहीही जाणवत नव्हतं. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन बंद करून लोटेप्रेडनॉल हे दुसरं स्टिरॉइड दिलं. ते डोळ्यातच लवकर मोडतं आणि दाब कमी चढवतं. आठवड्याने पुन्हा मोजायला बोलावलं, तेव्हा आकडा १९ वर उतरला होता. काचबिंदूचे थेंब पूर्वीसारखेच चालू होते. प्रत्येक वेळचा दाब, तारीख आणि त्या दिवशी चालू असलेली औषधं एका ओळीत लिहून ठेवली होती. बदलाचा निर्णय त्या ओळीवरून दोन मिनिटांत झाला.

नेपाफेनॅकसारख्या औषधांचा धोका वेगळा. त्यांनी डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मधोमध येणारी सूज टळते. ती येते चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, मधुमेह्यांत जास्त. सरळ रेषा वाकड्या दिसणं, मधे धूसर डाग, ही तिची खूण. पण डोळे फार कोरडे असतील, संधिवात असेल किंवा मधुमेहाने कॉर्नियाची संवेदना कमी झालेली असेल, तर हीच औषधं कॉर्निया पातळ करू शकतात, क्वचित भोक पडण्यापर्यंत. म्हणून ठरलेल्या तारखेपुढे एकही दिवस नाही. चुरचुरणं कमी होण्याऐवजी वाढत असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता विचारायचं.

बाटली किती दिवस

बाटलीवरची छापील मुदत न उघडलेल्या बाटलीची. उघडल्यावर बहुतेक थेंब चार आठवडेच वापरतात, मग उरलेलं टाकून द्यायचं. लॅटॅनोप्रॉस्टची बहुतेक उत्पादनं उघडण्याआधी फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांत, आणि उघडल्यावर साध्या तापमानाला सहा आठवडे. प्रत्येकाचा कागद वाचावा, कारण उत्पादनागणिक फरक आहे. उघडल्याची तारीख पक्क्या शाईने बाटलीवरच लिहायची, खोक्यावर नाही. खोकं दुसऱ्या दिवशी हरवतं.

सहा आठवड्यांचा स्टिरॉइडचा हिशोब करून पाहा: बेचाळीस, पस्तीस, अठ्ठावीस, एकवीस, चौदा, सात, म्हणजे १४७ थेंब. एक मिलिलिटरमध्ये वीस ते तीस थेंब, म्हणजे ५ मिलिलिटरच्या बाटलीत शंभर ते दीडशे. सांडलवंड धरली तर एक बाटली पुरत नाही, आणि पुरली तरी चार आठवड्यांची मर्यादा आडवी येते. दोन बाटल्यांची चिठ्ठी पहिल्याच दिवशी मागून घ्या. ऐन तपासणीच्या आदल्या संध्याकाळी बाटली संपते आणि दुकानात 'याच्यासारखीच' दुसरी पुढे येते.

बहुतेक बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं. दिवसातून चार-सहा वेळांहून जास्त, अनेक महिने वापर असेल तर तेच डोळा कोरडा आणि लाल करतं. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ते शोषून घेतात, म्हणून लेन्स काढून थेंब आणि पंधरा मिनिटांनी लेन्स. ऑपरेशननंतर अर्थात कॉन्टॅक्ट लेन्स नाहीतच. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब महाग असतात. एकदाच वापरायच्या कुपीत मिळाले तर उरलेला अर्धा थेंबही दुपारसाठी ठेवायचा नसतो. काटकसर इथे अंगाशी येते. २०२३ साली अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमधून औषधांना न जुमानणाऱ्या स्युडोमोनास जंतूची साथ पसरली. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं औषध पुन्हा पुन्हा वापरायच्या बाटलीत भरलेलं होतं. १८ राज्यांत ८१ रुग्ण, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघे दगावले. थेंब गढूळ दिसला, रंग बदलला, किंवा नव्या बाटलीचं सील तुटलेलं असलं तर घालायचा नाही. बॅच क्रमांक जपून ठेवायचा तो यासाठीच. उत्पादन परत मागवलं गेलं तर आपली बाटली त्यात आहे का, हे त्यावरूनच कळतं.

तक्ता संपल्यावर

सहाव्या आठवड्याच्या शेवटी चष्म्याचा नंबर काढला आणि स्टिरॉइड थांबलं. डब्यात अर्ध्या बाटल्या उरल्या. त्या त्याच दिवशी टाकल्या, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा रीतीने. औषधं परत घेणारी सोय असेल तर तिथे द्याव्यात. माझ्या मते सगळ्या सहा आठवड्यांतली ही सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. स्टिरॉइडची उरलेली बाटली पुढच्या वेळी घरात कोणाचाही डोळा लाल झाला की बाहेर येते. लाली खरंच जाते, म्हणून विश्वास बसतो. ती लाली हर्पिसच्या विषाणूमुळे किंवा बुरशीमुळे असेल तर स्टिरॉइडखाली जखम पसरते, आणि महिनोन्महिने वापरलं तर दाब वाढून नजरेची नस मरते. मोतीबिंदूही होतो. ज्या आजाराचं ऑपरेशन करून आलो तोच.

लाली झटकन घालवणारे नॅफॅझोलिनसारखे थेंब शिरा आवळून डोळा पांढरा करतात. असर उतरला की आधीपेक्षा जास्त लाल होतो आणि माणूस पुन्हा बाटली उचलतो. लहान मुलाने हे थेंब प्यायले तर एक-दोन मिलिलिटरनेही गुंगी, मंद श्वास, मंद नाडी होऊ शकते. काचबिंदूचं ब्रिमोनिडिनही तसंच, दोन वर्षांखालील मुलांना ते देतच नाहीत. डबा उंचावर आणि कुलपात.

बाबांचा डावा डोळा अजून व्हायचा आहे. त्यासाठी फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे: टॅमसुलोसिन चालू. स्टिरॉइडने उजव्या डोळ्याचा दाब तिसऱ्या आठवड्यात १६ वरून २६, लोटेप्रेडनॉलवर उतरला. लॅटॅनोप्रॉस्ट कधी थांबवायचा, कधी सुरू करायचा ते विचारायचं. दाब तिसऱ्याऐवजी दुसऱ्या आठवड्यातच मोजायचा का, तेही. बाटल्या सगळ्या नव्या.